लिहिणे आणि पाठवणे यांच्या मधला वेळ

चटकन लिहून पाठवण्याची सोय आणि विचारपूर्वक चर्चा यांचा मेळ कसा घालावा, हा प्रश्न मोबाइलने आणला असे आपण समजतो. वास्तविक तो मराठीत वृत्तपत्रे आल्यापासूनचा आहे. १८३२ मध्ये ‘दर्पण’ निघाले, १८४० मध्ये नाशिकला आजच्या सार्वजनिक वाचनालयाचा पाया घातला गेला आणि १८४८ पासून लोकहितवादींची पत्रे ‘प्रभाकर’ साप्ताहिकात येऊ लागली. ती बोचरी पत्रेसुद्धा आधी संपादक भाऊ महाजनांच्या नजरेखालून जात, आणि ज्याला प्रत्युत्तर द्यायचे त्याला निदान पुढच्या अंकापर्यंत थांबावेच लागे.

लिहिणे खऱ्या अर्थाने स्वस्त केले ते पोस्टकार्डाने. १ जुलै १८७९ रोजी ते भारतात आले तेव्हा त्याची किंमत पाव आणा होती, म्हणजे साध्या पत्राच्या निम्मी. पुढे १९२५ मध्ये नाशिकरोडला सरकारी छापखाना उभा राहिला, टपाल तिकिटांबरोबर कार्डेही तेथे छापली जाऊ लागली, आणि ज्याला आम्ही नुसते ‘प्रेस’ म्हणतो त्याच्या भोंग्यावर इथल्या कित्येक घरांचा दिवस चालू लागला.

माझे वडील वर्तमानपत्रांना नेमाने पत्रे लिहीत. कार्डावर खाडाखोडीला जागा नसते, म्हणून मजकूर आधी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर उतरे, मग आईला वाचून दाखवला जाई आणि तिच्या एखाद्या ‘हे कशाला?’ने त्यातला निम्मा गळून पडे. खाली पूर्ण नाव व पत्ता नसेल तर पत्र छापले जात नसे. कार्ड स्वस्त होते, पण ते भरण्याचे श्रम स्वस्त नव्हते, आणि माझ्या मते चर्चेचा दर्जा राखला तो या श्रमांनी.

१९९६ मध्ये ‘मायबोली’ हे मराठी संकेतस्थळ सुरू झाले तेव्हा संगणकावर देवनागरी उमटवणे हेच कष्टाचे काम होते. फोनने तो अडसर काढला. खेड्यापाड्यांतली माणसे आपल्या भाषेत लिहू लागली, हा लाभ मी फार मोठा मानतो. मात्र फॉरवर्ड करताना लिहावेही लागत नाही. मुले पळवणाऱ्या टोळीची अफवा अशीच हातोहात पसरली आणि १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने पाच निरपराध भिक्षेकऱ्यांचा जीव घेतला. त्याच सुमारास आपल्या मालेगावातही एका कुटुंबाला पोलिसांनी जमावाच्या तावडीतून सोडवले.

त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणली. एप्रिल २०२० मध्ये, अनेकदा फिरलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असे ठरले, आणि अशा संदेशांचा प्रसार ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. कोणाचेही तोंड न दाबता केवळ थोडा वेळ मध्ये घातल्याने हे घडले.

केवळ अ‍ॅडमिननेच लिहावे, ही २०१८ मध्येच आलेली सोय मात्र मला तितकीशी पटत नाही. आमच्या सोसायटीत पाण्याच्या टाकीवरून वाद पेटला तेव्हा ती लावली गेली. ग्रुप शांत झाला, प्रश्न तसाच राहिला, आणि अखेर एका रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडून, दीड तास समोरासमोर बोलून आम्ही तो सोडवला.