गुडघ्याच्या हाडांची ठेवण आणि अस्थिबंधांच्या दुखापती

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांच्या आकाराचा गुडघ्यातील अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे चिवट पट्टे, तुटण्याशी संबंध असतो. कोकणात गुडघ्याला काहीही झाले की ‘वाटी सरकली’ म्हणून मोकळे होतात. बहुतेकदा वाटी जागेवरच असते, तुटलेला असतो तो आतला बंध. एक्स-रेत हाड शाबूत दिसले की घरचे निर्धास्त होतात. अस्थिबंध एक्स-रेत दिसतच नाही. तो का तुटला असावा याचा थोडाफार सुगावा मात्र त्याच फोटोतल्या हाडांवरून लागतो.

खुब्याचा सांधा उखळात बसल्यासारखा असतो, गुडघ्याला तशी सोय नाही. मांडीच्या हाडाची दोन गोलसर टोके नडगीच्या जवळजवळ सपाट माथ्यावर टेकलेली असतात. त्यांना जागेवर ठेवण्याचे काम कूर्चेच्या दोन गाद्या, स्नायू आणि चार मुख्य अस्थिबंध करतात. दोन बंध बाजूंना असतात. दोन आत, एकमेकांना फुली मारून. त्यांतला पुढचा म्हणजे खेळाडूंच्या तोंडी असलेला एसीएल. नडगी पुढे सरकू न देणे हे त्याचे मुख्य काम.

नडगीचा माथा पूर्ण सपाट नसतो, मागच्या बाजूला उतरता असतो. पाणी निघून जावे म्हणून अंगण करताना किंचित ढाळ ठेवतात, तसाच. हा ढाळ बहुतेकांत 5 ते 10 अंशांच्या आसपास असतो. शरीराचा भार आला की मांडीचे हाड या ढाळावरून मागे घसरू पाहते, म्हणजेच नडगी पुढे ढकलली जाते आणि ताण एसीएलवर येतो. ढाळ जितका जास्त, तितका हा ताण जास्त. त्यातही बाहेरच्या अर्ध्या भागाचा ढाळ महत्त्वाचा. उलट, ढाळ फारच कमी असेल तर मागच्या बंधावर भार वाढतो.

दुसरी गोष्ट खाचेची. मांडीच्या हाडाच्या दोन टोकांमधल्या खाचेतून एसीएल जातो. अरुंद खाच असलेल्यांत तो तुटण्याचे प्रमाण जास्त आढळते. याचे दोन खुलासे दिले जातात: गुडघा ताठ होताना बंध खाचेच्या कडेवर घासतो, किंवा अरुंद खाचेत मुळात बंधच बारीक असतो. सारख्याच खेळांत मुलींना ही दुखापत मुलांच्या 2 ते 8 पट होते, असे सांगितले जाते. त्याचा सगळा दोष खाचेवर टाकणे बरोबर नाही. उडी मारून उतरताना गुडघे आत वळण्याची सवय आणि मांडीच्या मागच्या स्नायूंची कमजोरी यांचाही त्यात वाटा आहे, आणि या दोन्ही गोष्टी सरावाने सुधारतात. हाडाचा ढाळ सरावाने बदलत नाही.

कबड्डीत हे सगळे एका क्षणात जुळून येते. चढाईपटू बोनस घेऊन मध्यरेषेकडे वळतो, तेवढ्यात डावा कोपरारक्षक घोटा धरतो. पाऊल जमिनीला खिळलेले, धड मात्र वळत राहते. गुडघा आत झुकतो, ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांत गुडघा टम्म सुजतो. कोणाचा धक्का न लागता, नुसत्या चुकीच्या वळण्यानेही एसीएल तुटतो. किंबहुना बहुतेकदा असाच तुटतो. लावणीच्या चिखलात पाय रुतलेला असताना अंग वळवले, तरी गुडघ्यावर याच जातीचा पीळ पडतो.

पावसाळ्यात शेवाळलेल्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, पडण्याची तऱ्हा वेगळी. दुमडलेल्या गुडघ्याखाली नडगीचा वरचा भाग जांभ्याच्या पायरीच्या कडेवर आपटतो, नडगी मागे ढकलली जाते आणि मागचा बंध दुखावतो.

शस्त्रक्रियेने नवा बंध बसवला तरी हाडांची ठेवण तीच राहते. ढाळ 12 अंशांच्या वर असलेल्यांत नवा बंधही पुन्हा तुटण्याची शक्यता वाढते. म्हणून वारंवार तुटणाऱ्या निवडक रुग्णांत नडगीच्या पुढच्या बाजूने हाडाची पाचर काढून ढाळ कमी करतात. ही मोठी शस्त्रक्रिया आहे, पहिल्याच दुखापतीला सहसा करत नाहीत.

वाढत्या वयाच्या मुलांत बंधापेक्षा हाड आधी हार खाते: बंध शाबूत राहतो आणि नडगीच्या माथ्यावरचा त्याचा खुंट हाडाच्या तुकड्यासह उपटून येतो. हे एक्स-रेत दिसते. मोठ्यांतही नडगीच्या बाहेरच्या कडेला तांदळाच्या कणीसारखी कपची सुटलेली कधी कधी दिसते. पॉल सेगाँ या फ्रेंच शल्यविशारदाने 1879 मध्ये तिचे वर्णन केले. ‘किरकोळ फ्रॅक्चर’ म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. ती दिसली की आत एसीएल तुटलेला असण्याची शक्यता फार मोठी असते.