जुन्या ब्रिटिश मोटारसायकलीला नवे बेंड पाईप बसवताना

ट्रायम्फ, बीएसए किंवा नॉर्टनचे बेंड पाईप (इंजिनातला धूर सायलेन्सरकडे नेणारे वळलेले पाईप) आमच्याकडून नेल्यावर अनेक ग्राहक आठ-पंधरा दिवसांत परत येतात आणि पाईप वाकडा निघाला, मागच्या ब्रॅकेटपर्यंत पोहोचतच नाही, असे सांगतात. बहुतेक वेळा पाईप बरोबर असतो. बसवण्याचा क्रम चुकलेला असतो.

हेडकडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाकडचा, जोड आधीच पक्का आवळला की पाईपाची दिशा तिथेच ठरून जाते, मागचे भोक बोटभर चुकते आणि मग सायलेन्सर ओढून कसाबसा बोल्ट घातला जातो. तो ताण पाईपात राहतो आणि इंजिनाच्या थरथरीने पुढचा जोड सैल होतो. नॉर्टन कमांडोच्या बाबतीत हे फार महागात पडते, कारण तिचा पाईप हेडमधल्या आट्यांवर मोठ्या रिंग नटाने धरलेला असतो. नट सैल पडून हलत राहिला की तो हेडच्या अॅल्युमिनियमचे आटे खातो, आणि मग हेड उतरवून नवे आटे पाडून घ्यावे लागतात.

म्हणून पाईप, क्लॅम्प, सायलेन्सर आणि ब्रॅकेट हे सर्व आधी हातानेच सैल लावावे व गाडीच्या मागे उभे राहून रेषा पाहावी. ट्रायम्फच्या ६५० सीसी ट्विनमध्ये (दोन सिलिंडरच्या इंजिनात) पाईप हेडमधल्या स्टबवर, म्हणजे आखूड नळीवर, चढतो, तेव्हा स्टब हलत नाही ना, हे आधी तपासावे. त्यानंतर हेडकडून मागे येत आवळावे. ब्रॅकेट आणि फ्रेम यांच्यात फट उरली तर तिथे वॉशर घालावा, पाईप ओढू नये. कमांडोचा रिंग नट इंजिन तापवून पुन्हा आवळावा आणि मगच नट फिरू न देणाऱ्या लॉक वॉशरची जीभ दुमडावी. जुन्या नटांना व्हिटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाचा पाना लागतो. जवळपास बसणारा मेट्रिक पाना त्यांचे कोपरे गोल करतो. इंजिन सुरू करण्यापूर्वी क्रोमवरचे तेलकट बोटांचे ठसे पुसावेत, नाहीतर ते भाजून कायमचे राहतात.

इंजिन एकदा चालले की क्रोमचा रंग बदलू लागतो आणि तो पाईप आम्हाला दुसऱ्या ग्राहकाला नवा म्हणून देता येत नाही. त्यामुळे चाललेला, तापवलेला किंवा ठोकलेला पाईप आम्ही परत घेत नाही. न चालवलेला मात्र कोणताही प्रश्न न विचारता बदलून देतो. शंका वाटल्यास जोर लावण्याआधी गाडी आमच्या इंदूरच्या वर्कशॉपमध्ये आणावी. पाईप आमच्याकडून घेतलेला असल्यास रेषा जुळवून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही. स्टब आणि फिनचे (उष्णता सोडणाऱ्या पात्यांचे) क्लॅम्प झिजलेले असतील तर तेही पाईपाबरोबरच घ्यावेत, कारण सियागंज बाजारात मिळणारा साधा पट्टी-क्लॅम्प हेडजवळची उष्णता आणि थरथर फार काळ सोसत नाही.