आपत्तीनंतरचं लेखन

भूकंप, पूर, त्सुनामी, वादळ, ज्वालामुखी, वणवा असं काही होऊन गेल्यावर काय गेलं आणि मागे राहिलेल्यांनी पुढे कसं निभावलं याबद्दल जे जे लिहिलं जातं ते सगळं यात धरतात. म्हणजे आत्मकथनं आणि कविता तर आहेतच, पण पत्रं, डायऱ्या, नुकसानीच्या याद्या, भिंतीवर चिकटवलेले कागद, गावाबाहेर उभा केलेला दगड, हल्ली मोबाईलवरचे मेसेजसुद्धा. वर्गवारी कशीही करा, चार-पाच उदाहरणं वाचली की एक गोष्ट लगेच दिसते, ती म्हणजे जे घडलं त्या दिवसाबद्दल ढीगभर लिहिलेलं असतं आणि नंतरच्या पाच-दहा वर्षांबद्दल फार थोडं. त्या दिवसाला सुरुवात आहे, शेवट आहे, आवाज आहे, धावपळ आहे. सावरण्यात तसलं काहीच नसतं, तिथे फॉर्म असतात, रांगा असतात, तात्पुरत्या घरातले उन्हाळे असतात, भावाभावांतली भांडणं असतात, आणि सगळं इतकं हळू चालतं की लिहिणाऱ्यालाच वाटतं यात सांगण्यासारखं काय आहे.

जुनी उदाहरणं

सगळ्यात जास्त सांगितलं जाणारं उदाहरण रोमन लेखक धाकट्या प्लिनीचं. इ.स. 79 मध्ये इटलीतल्या व्हेसुव्हियस ज्वालामुखीचा उद्रेक झाला तेव्हा तो 17 वर्षांचा होता, खाडीपलीकडे मिसेनमला राहत होता. त्याचा मामा, थोरला प्लिनी, जहाजं घेऊन लोकांना सोडवायला गेला आणि स्टाबियाच्या किनाऱ्यावर मेला. हे सगळं त्याने इतिहासकार टॅसिटसला दोन पत्रांतून कळवलं, पण कधी, तर जवळपास 25 वर्षांनी, तेही टॅसिटसने मामाच्या मृत्यूबद्दल विचारलं म्हणून. उद्रेकातून उठलेल्या ढगाचं वर्णन इतकं नेमकं आहे की तशा उद्रेकाला आजही प्लिनियन उद्रेक म्हणतात. मला दुसरं पत्र जास्त आवडतं, कारण त्यात तो सांगतो की धक्के बसत असताना आपण लिव्ही या रोमन इतिहासकाराचा ग्रंथ वाचत टिपणं काढत बसलो होतो, आणि हे धैर्य म्हणावं की मूर्खपणा ते त्याचं त्यालाच ठरवता येत नाही. पण वाचलेले लोक नंतर कुठे गेले, कसे जगले, यावर दोन्ही पत्रांत काहीच नाही.

जपानमध्ये कामो नो चोमेईने 1212 मध्ये 'होजोकी' नावाचं छोटं गद्य पुस्तक लिहिलं. क्योटोतली 1177 ची आग, 1180 चं वावटळीचं वादळ, त्यामागोमाग दुष्काळ आणि 1185 चा भूकंप, सगळं त्याने स्वतः पाहिलेलं. भूकंपाच्या भागाच्या शेवटी तो जे लिहितो ते आठशे वर्षांनी वाचतानाही टोचतं: सुरुवातीला सगळे जगाच्या क्षणभंगुरतेबद्दल बोलत होते, मनातला मळ जरा कमी झाल्यासारखा वाटत होता, पण महिने आणि वर्षं गेली तसा त्याचा विषय काढणाराही कुणी उरला नाही. नंतरच्या काळातल्या विसरण्याची नोंद करणारे असे लेखक कमीच.

इंग्लंडमध्ये नोव्हेंबर 1703 च्या मोठ्या वादळानंतर लेखक डॅनियल डिफोने पेपरात जाहिराती देऊन लोकांकडून हकिकती मागवल्या आणि त्या जमवून 1704 मध्ये पुस्तक काढलं. लोकांनी स्वतः पाठवलेल्या अनुभवांवर उभं राहिलेलं हे फार लवकरचं काम. लिस्बनच्या 1 नोव्हेंबर 1755 च्या भूकंपानंतर फ्रेंच लेखक व्होल्तेअरने कविता लिहिली आणि देव, न्याय, दुःख यावर युरोपभर वाद पेटला, ते सगळ्यांना माहीत असतं. पण त्याच वेळी पोर्तुगालचा मंत्री पोंबाल याने देशभरातल्या पॅरिशना, म्हणजे चर्चच्या स्थानिक विभागांना, एक प्रश्नावली पाठवली होती: धक्का किती वेळ टिकला, नंतर किती धक्के आले, माणसं किती मेली, समुद्र आधी आत आला की मागे हटला. ती उत्तरं भूकंपशास्त्राच्या सुरुवातीच्या कागदपत्रांत मोजली जातात. खरं सांगायचं तर कवितेपेक्षा मला हे कोरडे प्रश्न जास्त कामाचे वाटतात.

लिहिल्याने बरं वाटतं का

यावर बराच अभ्यास झालाय. मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी 1986 मध्ये कॉलेजच्या मुलांना सलग 4 दिवस रोज 15 मिनिटं आयुष्यातल्या सगळ्यात वाईट अनुभवाबद्दल लिहायला लावलं. ज्यांनी घडलेलं आणि वाटलेलं दोन्ही लिहिलं त्यांना लिहिताना जास्त वाईट वाटलं पण पुढच्या काही महिन्यांत ते डॉक्टरकडे कमी वेळा गेले. त्यावर नंतर शेकडो प्रयोग झाले आणि सगळे एकत्र पाहिले तर फायदा दिसतो पण छोटा दिसतो, त्यामुळे 'लिहा म्हणजे मोकळे व्हाल' हे जे सर्रास सांगितलं जातं ते जरा जास्तच होतं. घाई केली तर उलटही होऊ शकतं. आपत्तीनंतर लगेच एकाच बैठकीत माणसाकडून सगळं वदवून घ्यायची पद्धत एके काळी खूप चालायची, पण त्याने पुढचा मानसिक त्रास टळत नाही आणि काहींचा वाढतो असं दिसल्यावर जागतिक आरोग्य संघटनेनेही त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवले, म्हणजे आधी सुरक्षित जागा, पाणी, घरच्यांशी संपर्क, आणि माणूस स्वतःहून बोलला तर ऐकणं.

पेनेबेकरचंच अजून एक निरीक्षण इथे महत्त्वाचं आहे. सॅन फ्रान्सिस्कोजवळ 17 ऑक्टोबर 1989 ला लोमा प्रिएटा भूकंप झाला, त्यानंतर पहिले दोन-तीन आठवडे लोक एकमेकांशी त्याबद्दल भरभरून बोलत होते, मग बोलणं एकदम कमी झालं पण डोक्यात विचार चालूच राहिले. प्रत्येकाला आपलं सांगायचं होतं आणि दुसऱ्याचं ऐकायचं नव्हतं, इतकं की तुमचा भूकंपाचा अनुभव न सांगितल्याबद्दल आभार अशा अर्थाचे टीशर्ट तिथे दिसायला लागले. विनोदी आहे खरं, पण याच टप्प्यावर माणूस एकटा पडतो, आणि बऱ्याच जणांची वही इथेच सुरू होते.

नंतरची वर्षं

सावरण्याबद्दल लिहायला अवघड जातं त्याचं अजून एक कारण म्हणजे नुकसान नेमकं काय झालं हेच उशिरा कळतं. घर गेलं हे पहिल्या दिवशी कळतं, शेजार गेला हे नव्या वसाहतीत सहा महिने राहिल्यावर. अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या बफेलो क्रीक इथे 26 फेब्रुवारी 1972 ला कोळसा कंपनीचा बांध फुटून 125 माणसं मेली (कंपनीने याला देवाची करणी म्हटलं होतं, त्यामुळे याला नैसर्गिक म्हणावं का हा वेगळाच प्रश्न). समाजशास्त्रज्ञ काय एरिक्सन तिथल्या लोकांशी बोलला तेव्हा त्याला दिसलं की एकेका माणसाला बसलेला धक्का वेगळा आणि माणसांना जोडून ठेवणारा समाजच मोडल्याचा धक्का वेगळा. पुनर्वसनाच्या कॅम्पात जागा मिळेल तशी घरं वाटली, जुने शेजारी पांगले, आणि छप्पर मिळूनही लोक सावरले नाहीत.

जपानमध्ये हे आकड्यांत दिसतं. कोबेच्या 1995 च्या भूकंपानंतर तात्पुरत्या घरांमध्ये एकट्याने, कुणाच्या नकळत मेलेल्यांची संख्या दोनशेच्या वर गेली आणि अशा मृत्यूंबद्दल पेपरांनी सतत लिहिलं म्हणून तो सार्वजनिक प्रश्न झाला. 2011 च्या भूकंप, त्सुनामी आणि अणुभट्टीच्या अपघातानंतर फुकुशिमा जिल्ह्यात तर स्थलांतर, तुटलेले उपचार आणि ताण यामुळे नंतर झालेले मृत्यू हे भूकंप-त्सुनामीत थेट झालेल्या मृत्यूंपेक्षा जास्त भरले. म्हणजे जे फक्त त्या दिवसाबद्दल लिहितात त्यांच्या लिखाणातून इतकी माणसं गळतात.

वैयक्तिक लेखनात अशा काळाबद्दल प्रामाणिक राहणं फार कमी जणांना जमलंय. श्रीलंकेची अर्थतज्ज्ञ सोनाली देरानियागला हिचे आईवडील, नवरा आणि दोन मुलगे 2004 च्या त्सुनामीत गेले, तिचं आत्मकथन 2013 मध्ये आलं. लाटेचा भाग पहिल्या काही पानांत संपतो, बाकी सगळं पुस्तक नंतरचं आहे. त्यात दारू आहे, राग आहे, आईवडिलांच्या घरात आलेल्या भाडेकरूंना मुद्दाम छळणं आहे, आणि मग हळूहळू मुलांच्या छोट्या छोट्या गोष्टी आठवू देणं आहे. वाचणाऱ्याला आवडेल असा धीरोदात्तपणा तिने कुठेच आणलेला नाही. उलट संस्था आणि सरकारं जे छापतात त्यात वर्षभरात हसरे चेहरे आणि नव्या चाव्या येतात, ते खोटं असतंच असं नाही पण चावी मिळाल्यावर कर्जाचे हप्ते सुरू होतात ते त्यात नसतं.

बाहेरून येऊन लिहिणारे

बातमीदार आणि स्वयंसेवक यांच्याशिवाय चालत नाही, पण ते ठरलेल्या साच्यात लिहितात: घबराट, लुटालूट, मग हिरो. समाजशास्त्रज्ञ एन्रिको क्वारंटेली आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1963 मध्ये अमेरिकेत आपत्ती संशोधन केंद्र काढलं आणि वर्षानुवर्षं दाखवून दिलं की अशा वेळी लोक सहसा सैरावैरा पळत नाहीत, पहिल्या तासांत माणसं बाहेर काढतात ती शेजारचेच. तरी 2005 मध्ये अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला बुडवणाऱ्या कतरिना वादळात बातम्यांचं तेच झालं. पुराच्या पाण्यातून सामान घेऊन जाणाऱ्या काळ्या तरुणाच्या फोटोखाली 'लुटून' आणि तसंच करणाऱ्या गोऱ्या जोडप्याच्या फोटोखाली 'मिळवून' असं छापून आलं, दोन वेगळ्या वृत्तसंस्थांचे फोटो होते, पण शेजारी शेजारी ठेवल्यावर जे दिसलं ते दिसलंच.

पुस्तकाबाहेरचं लेखन

कतरिनानंतर शोधपथकांनी घराघरावर स्प्रे पेंटने फुली मारून चार कप्प्यांत पथकाचं नाव, तारीख, घरातले धोके आणि सापडलेल्या माणसांची संख्या लिहिली. पुढे काहींनी घर दुरुस्त करताना ती फुली मुद्दाम पुसली नाही.

जपानच्या किनाऱ्यावर त्सुनामीचे शेकडो दगड आहेत. आनेयोशी गावातला दगड 1933 नंतरचा, आणि त्यावर याच्या खाली घरं बांधू नका असं सरळ कोरलंय, 2011 मध्ये पाणी त्या दगडाच्या खालीच थांबलं. दगड असून लोक खाली बांधतात अशीही गावं आहेतच. इंडोनेशियाच्या सिमेउलुए बेटावर तर लिहिलेलंही काही नव्हतं, 1907 च्या लाटेची आठवण 'स्मोंग' या नावाने गाण्यांतून आणि गोष्टींतून मुलांपर्यंत पोचत राहिली, जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की डोंगराकडे पळा. 2004 मध्ये भूकंपाच्या केंद्राच्या इतक्या जवळ असून, सत्तर हजारांहून जास्त वस्तीत, 7 माणसं मेली.

इशिनोमाकी शहरातल्या छोट्या पेपरचा छापखाना 11 मार्च 2011 ला पाण्यात गेला तेव्हा संपादकांनी छपाईच्या कोऱ्या कागदावर मार्करने बातम्या लिहून सलग 6 दिवस निवारा केंद्रांत लावल्या. त्यात शोकाचं काही नाही, मदत कुठे पोचली, कुठल्या भागाचं काय झालं, अफवांवर जाऊ नका एवढंच. ते हाताने लिहिलेले कागद नंतर अमेरिकेतल्या वृत्तपत्र संग्रहालयापर्यंत गेले.

हल्ली हे साठवायची जागा म्हणजे डिजिटल संग्रह. कतरिनानंतर जॉर्ज मेसन आणि न्यू ऑर्लिन्स विद्यापीठांनी मिळून एक उघडला, न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चच्या भूकंपांनंतर कँटरबरी विद्यापीठाने सीस्मिक नावाचा. कुणालाही आपली हकिकत, फोटो, आवाज टाकता येत होते, डिफोने जाहिरात देऊन केलं तेच. यातली खरी अडचण परवानगीची असते, कारण घर गेलेल्या माणसाने पहिल्या महिन्यात जे लिहून दिलं ते तीन वर्षांनी त्याला मागे घ्यावंसं वाटू शकतं, मेलेल्या नातेवाईकाचं नाव काढून टाकावंसं वाटू शकतं, आणि तशी सोय सुरुवातीपासून ठेवली नसेल तर नंतर कुणाचं चालत नाही.