गॅस ओव्हनमधील दोष-संकेतांक

घरगुती गॅस ओव्हनच्या नियंत्रक मंडलाला (कंट्रोल बोर्डला) आपल्या विद्युत परिपथात अपेक्षित मर्यादेबाहेरचे मूल्य आढळले, की ते तापवण्याची क्रिया थांबवते व पटलावर अक्षर आणि अंक यांची एक खूण उमटवते. या खुणेला दोष-संकेतांक म्हणतात. व्यवहारात ‘एरर कोड’ हा शब्द रूढ आहे. मंडलाला विद्युत रोध, विजेचा दाब (व्होल्टेज) आणि काळ एवढ्याच गोष्टी कळतात. गॅसचा वास, ज्वालेचा रंग, नळीला पडलेली भेग यांतले काहीही त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून दोष कोणत्या परिपथात दिसला एवढेच संकेतांक सांगतो. त्या परिपथातील कोणता भाग बिघडला हे मोजमाप करूनच ठरवावे लागते. हा फरक लक्षात न घेतल्यामुळे चांगले भाग विनाकारण बदलले जातात, आणि सर्वांत महागडा भाग, म्हणजे खुद्द नियंत्रक मंडल, बहुधा सर्वांत आधी बदलला जातो.

संकेतांकांना सर्वमान्य प्रमाण नाही. जनरल इलेक्ट्रिकच्या अनेक ओव्हनमध्ये एफ-२ म्हणजे अतितापमान, एफ-३ म्हणजे तापमान-संवेदकाचा (सेन्सरचा) परिपथ तुटलेला आणि एफ-४ म्हणजे तोच परिपथ आखूड झालेला (शॉर्ट सर्किट). फ्रिजिडेअर याच तीन गोष्टींसाठी अनुक्रमे एफ-१०, एफ-३० व एफ-३१ वापरते. व्हर्लपूलचे नवे संकेतांक ‘एफ-३ ई-०’ असे दुहेरी असतात. त्यांचा पहिला भाग परिपथ दाखवतो व दुसरा भाग दोषाचा प्रकार. एफ-९ हा जनरल इलेक्ट्रिकच्या ओव्हनवर दाराच्या कुलपाकडे बोट दाखवतो, तर एलजीच्या ओव्हनवर तो ओव्हन तापत नसल्याचे सांगतो. त्यामुळे संकेतांकाचा अर्थ त्याच प्रतिमानाच्या (मॉडेलच्या) पुस्तिकेतून पाहणे हाच एकमेव खात्रीचा मार्ग आहे. सेवा-तंत्रज्ञासाठीचा तक्ता अनेकदा ओव्हनच्या मागे किंवा खालच्या खणाच्या आत घडी करून ठेवलेला असतो.

सर्वाधिक आढळणारे संकेतांक तापमान-संवेदकाचे असतात. ओव्हनच्या मागील भिंतीतून आत डोकावणाऱ्या बारीक धातूच्या नळीत हा संवेदक असतो, आणि अमेरिकी बनावटीच्या बहुतेक ओव्हनमध्ये तो प्लॅटिनमचा असतो. त्याचा रोध ० अंश सेल्सिअसला १,००० ओम असून तापमानाच्या प्रत्येक अंशामागे तो सुमारे ३.८ ओमने वाढतो. १८० अंशांना तो १,६८५ ओमच्या आसपास पोहोचतो. वीजपुरवठा तोडून, संवेदकाची जोडणी सोडवून मल्टिमीटरने हा रोध मोजता येतो. पुस्तिकांमध्ये ‘खोलीच्या तापमानाला १,०८० ते १,१०० ओम’ असे लिहिलेले असते, पण ती खोली २१ ते २५ अंशांची धरलेली असते. बडोद्यात मे महिन्याच्या दुपारी स्वयंपाकघर ४० अंशांवर गेलेले असताना निर्दोष संवेदकही १,१५५ ओमच्या जवळ आकडा दाखवतो, आणि जानेवारीच्या पहाटे १५ अंशांना तोच १,०५८ ओमवर येतो. पुस्तिकेतील आकड्याशी जुळत नाही एवढ्यावरून संवेदक टाकून देणे चूक आहे. आधी खोलीचे तापमान पाहावे. रोध अनंत आला तर संवेदक तुटलेला असतो आणि फारच कमी आला तर तो आखूड झालेला असतो. संवेदकाच्या तारा आणि त्याची धातूची नळी यांच्यामध्ये मात्र कोणताही विद्युत संबंध दिसता कामा नये. संवेदक निर्दोष असूनही संकेतांक परत आला, तर ओव्हनच्या मागील बाजूची जोडणी तपासावी. उष्णतेने व तेलकट वाफेने तेथील पिना काळवंडतात, रोध वाढतो, आणि मंडल त्यालाच तापमान समजते. येथपर्यंत सर्व ठीक निघाले तरच संशय मंडलावर घ्यावा.

‘तापत नाही’ या अर्थाच्या संकेतांकामागे बहुधा प्रज्वलक (इग्नायटर) असतो. तो विजेने हजार अंशांच्या वर तापून गॅस पेटवतो आणि सुरक्षा झडपेशी एकसर (सिरीजमध्ये) जोडलेला असतो; त्यामुळे झडपेतूनही तेवढाच प्रवाह वाहतो आणि तो पुरेसा झाल्याशिवाय झडप उघडत नाही. चपट्या सिलिकॉन कार्बाइड प्रज्वलकाच्या रचनेत हा प्रवाह सुमारे ३.२ ते ३.६ अँपिअर लागतो. प्रज्वलक जुना झाला की त्याचा रोध वाढतो. तो लालबुंद दिसतो, परंतु प्रवाह अपुरा पडतो व गॅस सुटतच नाही. प्रज्वलक पेटलेला दिसतो म्हणून झडप खराब, हा अत्यंत प्रचलित तर्क म्हणूनच फसवा आहे. बहुतेक वेळा प्रज्वलकच बदलावा लागतो. निर्णय डोळ्यांवर न सोपवता प्रवाह मोजून घ्यावा, आणि जिवंत विजेवरचे हे मोजमाप जाणकारानेच करावे.

बटणपट्टीतील दोषात एखादे बटण सतत दाबलेले असल्याचा भास मंडलाला होतो. पावसाळ्यातील दमटपणा, वाफ किंवा ओल्या फडक्याने पुसणे ही त्याची नेहमीची कारणे असून पट्टी वाळल्यावर असा संकेतांक कधीकधी आपोआप जातो. दाराच्या कुलपाचे दोष प्रामुख्याने स्वयं-स्वच्छता असलेल्या ओव्हनमध्ये, त्या अतितप्त क्रियेनंतर उद्भवतात.

बडोद्याच्या संदर्भात या विषयाला एक वेगळी बाजू आहे. या शहरात महापालिकेने १९७०च्या दशकापासूनच घरोघरी नळाने गॅस पुरवला, आणि २०१३ मध्ये स्थापन झालेली वडोदरा गॅस लिमिटेड ही महापालिका व गेल गॅस यांची संयुक्त कंपनी आता ते काम पाहते. दांडिया बाजार, रावपुरा, वाडी या मराठी वस्तीच्या जुन्या भागांत सिलिंडरवरून नळाच्या गॅसवर आलेली घरे पुष्कळ आहेत. दिवाळीत नानकटाईचे गोळे पत्र्यावर मांडून बेकरीच्या भट्टीत भाजून आणण्याची पद्धत मागे पडून घरचा ओव्हन आला, तेव्हा गॅस बदलताना त्या ओव्हनचा जेट, म्हणजे गॅस ज्या बारीक छिद्रातून सुटतो तो भाग, हाही बदलावा लागतो, याकडे दुर्लक्ष झाले. समान आकारमानाच्या नैसर्गिक वायूपेक्षा एलपीजीतून सुमारे अडीचपट उष्णता मिळते. घरगुती एलपीजीचा दाब ३० मिलिबार, तर नळाच्या गॅसचा २१ मिलिबार असतो. म्हणून एलपीजीचा बारीक जेट तसाच ठेवून ओव्हन नळाच्या गॅसला जोडला, तर ज्वाला क्षीण राहते, तापमान चढत नाही आणि पटलावर ‘तापत नाही’ असा संकेतांक येतो. विजेचा प्रत्येक भाग अशा वेळी निर्दोष असतो. याउलट चूक झाल्यास ज्वाला पिवळी व काजळी धरणारी होते आणि विषारी कार्बन मोनॉक्साइड वाढतो. तिच्यासाठी मात्र कोणताही संकेतांक नाही.

अमेरिकेतून आणलेल्या ओव्हनमध्ये याखेरीज विजेचा प्रश्न येतो. ते १२० व्होल्ट व ६० हर्ट्‌झसाठी बनवलेले असतात, त्यामुळे २३० व्होल्टांवर थेट जोडल्यास मंडल जळू शकते. विजेचा दाब उतरवणारा रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) लावला, परंतु तो लहान क्षमतेचा असला, तरी अडचण राहतेच. प्रज्वलकालाच सुमारे ४०० वॉट लागत असल्याने दाब खाली बसतो, प्रवाह अपुरा पडतो आणि पुन्हा ‘तापत नाही’ हाच संकेतांक येतो. ज्या मंडलांचे घड्याळ विजेच्या वारंवारतेवर चालते, त्यांत ३० मिनिटांचा टायमर येथे ३६ मिनिटांनी वाजतो. नानकटाई करपण्यास एवढा फरक पुरेसा आहे.

भारतात विकल्या जाणाऱ्या साध्या गॅस कुकिंग रेंजना बहुधा पटलच नसते. त्यांत ज्वालेत बसवलेले तापयुग्म (थर्मोकपल) गरम झाले की झडप उघडी राहते. म्हणून पेटवल्यावर नॉब काही सेकंद दाबून धरावा लागतो. नॉब सोडताच ज्वाला विझत असेल, तर तापयुग्माचे टोक मळलेले किंवा ज्वालेबाहेर सरकलेले असण्याचा संभव अधिक असतो.

संकेतांक दिसल्यास प्रथम तो जसाच्या तसा लिहून घ्यावा, कारण वीज बंद करताच अनेक मंडलांवरून तो पुसला जातो. नंतर मुख्य स्विच पाचेक मिनिटे बंद ठेवून पुन्हा चालू करावा. विजेच्या झटक्याने आलेला संकेतांक यात निघून जातो. तो परतला तर दोष खरा आहे असे समजावे आणि पुन्हापुन्हा पुसत राहू नये. विश्वामित्री नदीच्या २०१९ व २०२४ च्या पुरांत पाणी शिरलेल्या तळमजल्यांप्रमाणे ओव्हन पाण्यात राहिला असेल, तर संकेतांक पाहण्यासाठीदेखील तो चालू करू नये. गॅसचा वास येत असताना पटल काय दाखवते याला काहीही महत्त्व नाही. तेव्हा कोणताही स्विच न हाताळता पुरवठ्याची झडप बंद करावी व दारे-खिडक्या उघडाव्यात. एलपीजी हवेपेक्षा जड असल्याने जमिनीलगत साचतो, तर नळाचा नैसर्गिक वायू हलका असल्याने छताकडे जातो. म्हणून सिलिंडरच्या घरात खालची दारे आणि नळाच्या गॅसच्या घरात वरची तावदानेही उघडणे आवश्यक ठरते. घराबाहेर येऊन एलपीजीसाठी १९०६ या क्रमांकावर आणि नळाच्या गॅससाठी बिलावर छापलेल्या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.