दाढ दुखते, पण काढायची का?

रात्रभर दाढ ठणकली की सकाळी दवाखान्यात माणूस म्हणतो, "काढूनच टाका, कटकट नको." गंमत अशी, की ही ठणकणारी दाढ बऱ्याचदा वाचवता येते आणि अजिबात न दुखणारा, नुसता हलणारा दात काढावा लागतो. ठणका येतो दाताच्या आतल्या नसेतून. कीड तिथवर पोचली की नस सुजते. रूट कॅनॉलमध्ये ती काढून पोकळी भरतात, दात राहतो. लवंगेचं तेल लावून चार दिवसांत ठणका थांबला तरी खूश होऊ नये. बऱ्याचदा नस मेलेली असते आणि मुळाच्या टोकाशी पू होत असतो.

खरा प्रश्न असतो दात किती उरलाय आणि हाड किती उरलंय, हा. रूट कॅनॉलनंतर दातावर बसवलेली कॅप टिकायला हिरडीच्या वर चहूबाजूंनी दीड-दोन मिलिमीटर तरी निरोगी दात लागतो. तेवढाही नसेल तर कॅप निघते, नाहीतर मूळ उभं चिरतं. तशा चिरलेल्या मुळाला सहसा काढण्यावाचून इलाज नसतो, कारण फटीतून जंतू हाडापर्यंत जात राहतात. हिरडीखालच्या किटणामुळे हाड झिजलं की दात आधी आडवा हलतो. दाबल्यावर वर-खालीही हलू लागला, तर तो बहुधा गेलाच म्हणायचा. विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या हिरडीतून रक्त कमी येतं, म्हणून हा रोग त्यांच्या उशिरा लक्षात येतो.

अक्कलदाढेची गोष्ट निराळी. ती साधारण 17 ते 25 या वयात येते. खालची दाढ तिरकी, अर्धीच वर आली की तिच्यावर हिरडीची झालर राहते. त्याखाली अन्न अडकतं, सूज येते, तोंड जेमतेम बोटभर उघडतं. असं वारंवार झालं किंवा शेजारची दाढ किडू लागली तर अक्कलदाढ काढावी. हाडात गुपचूप पडून असलेली, काही त्रास न देणारी दाढ केवळ खबरदारी म्हणून काढू नये, असं ब्रिटनच्या 'नाइस' या उपचारांबाबत सल्ला देणाऱ्या संस्थेने 2000 सालीच सांगितलं आहे. खालच्या ओठाला संवेदना देणारी नस या दाढेच्या मुळांजवळून जाते. तिला धक्का लागला तर ओठ बधिर राहू शकतो. म्हणून आधी जबड्याचा पूर्ण एक्स-रे काढतात.

दात काढताना तो 'उपटत' नाहीत. मूळ आणि हाड यांच्यामधले बारीक तंतू तोडत, दात हलवत हलवत खड्डा रुंद करतात आणि मग दात उचलतात. वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही भीती मात्र निराधार: नजरेची नसच वेगळी.

नंतर कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. पहिले 24 तास थुंकायचं नाही, चूळ भरायची नाही, स्ट्रॉने काही ओढायचं नाही, विडी-सिगारेट तर नाहीच. खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघाली तर हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत कळ जाते. तेव्हा घरात उरलेली अँटिबायोटिक खाऊन उपयोग नाही. डॉक्टर खड्डा धुऊन त्यात औषधाची पट्टी ठेवतात. रक्त पातळ करणारी गोळी दात काढण्याआधी परस्पर बंद करू नये. हाडं ठिसूळ झाल्याबद्दल झोलेड्रॉनिकसारखं इंजेक्शन घेतलेलं असेल, तर ते खुर्चीत बसण्याआधीच सांगावं. अशांच्या जबड्याची जखम कधीकधी महिनोन्महिने भरत नाही.