वाघ्याला आमचं घर कळायला लागलेले दिवस

मागच्या चैत्रात आम्ही वाघ्या या कुत्र्याला घरी आणलं. दात पाहून डॉक्टरांनी वय सांगितलं, आठेक वर्षं. आर्वी तालुक्यातल्या एका वावरात तो एका आजोबांसोबत जागलीला असायचा. आजोबा लेकाकडे शहरात गेले, वाघ्या वावरातच राहिला आणि एका संध्याकाळी मोटारसायकलखाली आला. वर्ध्याच्या काही तरुणांनी त्याला दोन महिने सांभाळून उभं केलं. आमच्या सपरीत आला तेव्हा त्याच्यासोबत एकच सामान होतं, आजोबांच्या धोतराचा मळका तुकडा.

पहिले तीन दिवस त्याने भाकरीला तोंड लावलं नाही. पाणी प्यायचा तेही रात्री, सगळे झोपल्यावर. शेजारच्या आजी बघून गेल्या आणि म्हणाल्या, "बुढं कुत्रं कोनाचं होत नाही बाई. त्याले जुनंच घर आठवते." गावात हे सगळेच मानतात, म्हणून कुत्रं पाळायचं तर पिल्लूच आणतात. आजींची माया खरी, पण त्यांचं म्हणणं खरं नाही.

न खाण्याचं आधी बघू. जागा बदलली की कुत्र्याच्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी कॉर्टिसॉल हे संप्रेरक जास्त सोडू लागतात. शरीर पळायच्या तयारीत राहतं, भूक आणि पचन मागे पडतं. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये १९९७ साली आसऱ्याला आणलेल्या कुत्र्यांचं रक्त तपासलं गेलं. पहिल्या तीन दिवसांत कॉर्टिसॉल चढलेलं होतं, नऊ दिवसांहून जास्त राहिलेल्या कुत्र्यांत ते कमी होतं. म्हणजे तीन दिवस उपाशी बसलेला वाघ्या रुसलेला नव्हता, त्याचं शरीर अजून धोक्याच्या हिशेबात होतं. अर्थात पाणीही बंद झालं, उलट्या-जुलाब लागले किंवा अंग तापलं, तर वाट बघत बसू नये, दवाखाना गाठावा.

हा ताण उतरवायला सगळ्यात कामी येतं ते पुढे काय होणार याचा अंदाज. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला, त्याच कोपऱ्यात, त्याच जर्मनच्या ताटलीत, आईच्याच हातून जेवण, एवढंच आम्ही ठरवलं. बघायला येणाऱ्या पोरांना महिनाभर सपरीबाहेरच थांबवलं. लाड करायला कोणी त्याच्यावर ओणवं व्हायचं नाही. जवळ बसायचं आणि तो आला तर छातीवर, मानेखाली हात फिरवायचा.

तो आला, आणि ते व्हायला फार दिवस लागले नाहीत. बुडापेस्टच्या संशोधकांनी २००१ साली निवाऱ्यातल्या प्रौढ कुत्र्यांवर एक साधा प्रयोग केला. अनोळखी माणसाने कुत्र्यासोबत दहा-दहा मिनिटं, फक्त तीनदा घालवायची. नंतर त्या माणसाशी कुत्री ओढीने वागू लागली. तो बाहेर गेला की दाराशी थांबत, आला की धावत. प्रौढ वयातही नवं नातं जोडायची क्षमता शाबूत असते. आपल्याकडचा पुरावा तर मला जास्त जवळचा वाटतो. कोलकात्याच्या आयसर संस्थेत अनिंदिता भद्रा यांच्या गटाने बंगालमधल्या मोकाट कुत्र्यांना एकीकडे खाऊ आणि दुसरीकडे मायेचा हात देऊन पाहिलं. अनोळखी माणसावरचा टिकाऊ विश्वास खाऊपेक्षा कुरवाळण्याने जास्त बसला. रस्त्यावर दगड खाऊन मोठं झालेलं कुत्रंही हाताचा स्पर्श ओळखायला शिकतं, हे वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं होतं.

धोतराचा तो तुकडा आम्ही धुतला नाही. आईला ते पटत नव्हतं. पण माणसाच्या नाकात गंध ओळखणाऱ्या पेशी ५०-६० लाख, तर कुत्र्याच्या नाकात २० कोटींच्या वर. अमेरिकेतल्या एमोरी विद्यापीठात १२ कुत्र्यांना न हलता स्कॅनरमध्ये पडून राहायला शिकवलं आणि वेगवेगळे वास दिले. बक्षिसाच्या अपेक्षेने जागा होणारा मेंदूचा भाग सगळ्यात जास्त उजळला तो ओळखीच्या माणसाच्या वासाने, आणि ते माणूस त्या वेळी समोर नव्हतं. नव्या घरात सगळेच वास परके. एक ओळखीचा राहू द्यावा.

आता म्हातारपणाकडे येते, कारण लोक इथेच चुकतात. कुत्र्याचं एक वर्ष म्हणजे माणसाची सात, हा हिशेब ढोबळ आहे. २०२० साली कॅलिफोर्नियातल्या शास्त्रज्ञांनी लॅब्रॅडॉर कुत्र्यांच्या डीएनएवर वयानुसार बदलणाऱ्या रासायनिक खुणा माणसांच्या खुणांशी ताडून पाहिल्या. कुत्रं पहिल्या वर्षातच तिशी गाठतं आणि मग हळू म्हातारं होतं. आठ वर्षांचं कुत्रं साधारण चौसष्टीच्या माणसाइतकं. आपल्या घरातल्या चौसष्ट वर्षांच्या माणसाचे गुडघे आठवा.

वाघ्या कमरेजवळ हात लागला की गुरगुरायचा. चिडका आहे, असं आम्हीही पहिल्या आठवड्यात म्हणून गेलो. डॉक्टरांनी मागचा पाय हळूच ताणला तेव्हा तो कण्हला. सांध्यातली कूर्चा झिजलेली होती. वळवाच्या गडगडाटात तो बाजेखाली शिरून थरथरायचा, त्याचाही दुखण्याशी संबंध असू शकतो. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाच्या २०१८ च्या अभ्यासात आवाजाला भिणारी २० कुत्री घेतली, १० सांध्या-स्नायूंचं दुखणं असलेली आणि १० नसलेली. दुखणं असलेल्यांची भीती बाकीच्यांपेक्षा सरासरी जवळपास चार वर्षं उशिरा सुरू झालेली होती. दचकलं की स्नायू आवळतात, आवळले की कळ येते, आणि कुत्रं ती कळ आवाजाच्या खात्यावर टाकतं. म्हणून वय झालेल्या कुत्र्याचा स्वभाव ठरवण्याआधी त्याचं अंग तपासून घ्या. आणि घरातली अंगदुखीची गोळी त्याला देऊ नका. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, मूत्रपिंड बिघडतं.

खाण्याचं अवघड नाही. लांडग्यात पिष्ट पचवणाऱ्या एका जनुकाच्या २ प्रती असतात, कुत्र्यात ४ ते ३०, असं स्वीडनच्या संशोधकांना २०१३ साली दिसलं. माणसाच्या शेतीसोबत कुत्र्याचं पोटही बदललं. ज्वारीची भाकर त्याला पचते, फक्त जोडीला अंडं किंवा उकडलेलं मांस हवं. वरण फोडणीच्या आधी काढून ठेवावं, कारण कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात.

मे महिन्यात इकडे पारा ४५ च्या वर जातो. कुत्र्याला घाम येतो तो जवळपास पंजांपुरताच. जीभ काढून धापा टाकायच्या आणि ओल वाफेवर सोडायची, हाच त्याचा खरा उपाय. बंद खोलीत कूलर लावला की हवा दमट होते आणि हा उपाय लंगडा पडतो. समोरची खिडकी उघडी ठेवा.

रेबीजची लस पहिल्याच आठवड्यात द्यावी, पूर्वी दिल्याचा कागद नसेल तर नक्कीच. कुठलंही कुत्रं चावलं तर जखमेवर मिरची, हळद, चुना काही लावू नका. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि थेट दवाखान्यात जाऊन लस घ्या. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळपास कधीच वाचत नाही, आणि वेळेत लस घेतली तर वाचतं.

डोळ्यांचं राहिलं. वाघ्याची बुबुळं निळसर दिसायची. वयानुसार भिंगाचा गाभा घट्ट होतो, त्याचा तो रंग. मोतीबिंदू निराळा. दिवसा त्याचं अडत नव्हतं, पण अंधार पडला की सपरीच्या दोन पायऱ्यांवर तो थबकायचा, एक पाय हवेत धरून. मी पायऱ्यांच्या कडेला चुन्याचे जाड पट्टे ओढले आणि तो त्यांच्या आधाराने उतरू लागला. मृगाच्या पहिल्या पावसात चुना धुऊन गेला. पुन्हा ओढायचा म्हणून डबा बाहेर काढला होता. त्या रात्री लाइट गेली, वाडीमागे रानडुकरं आली, आणि वाघ्या काळ्याकुट्ट अंधारात दोन्ही पायऱ्या न थांबता उतरून आमच्या फाटकापाशी जाऊन भुंकला.