एकाच रानातले दोघे: हॉर्नबिल आणि ओरांगउटान

मराठवाड्यात धनेश, म्हणजे हॉर्नबिल पक्षी, म्हटलं की राखी धनेश. किनवटच्या रानात, गौताळ्यात, कधी शिवेवरच्या जुन्या वडा-पिंपळावर तो दिसतो. त्याची जात अजून तरी सुखरूप आहे. आग्नेय आशियातल्या बोर्निओ-सुमात्रा बेटांवरचा त्याचा भाऊबंद, हेल्मेटेड हॉर्नबिल, मात्र नामशेष व्हायच्या उंबरठ्यावर आहे. त्याच रानातल्या ओरांगउटान या मोठ्या वानराचीही तीच गत. दोघांनाही वड-उंबराच्या जातीची फळं लागतात, जुनी उंच झाडं लागतात. पण जगाने दोघांना सारखं पाहिलं नाही.

ओरांगउटानाकडे लक्ष लवकर गेलं. १९७१ मध्ये बिरुते गाल्डिकास अभ्यासासाठी बोर्निओत जाऊन राहिल्या आणि पिलाला कवटाळलेल्या मादीचे फोटो जगभर पोचले. तरीही रान तुटतच राहिलं. १९९७-९८ चे वणवे, लाकूडतोड, मग पामची लागवड, शिवाय शिकार. १९९९ ते २०१५ या काळात एकट्या बोर्निओत एक लाखावर ओरांगउटान कमी झाले. सुमात्रातली मादी सात ते नऊ वर्षांतून एकदा विते. एवढी घट भरून यायची कशी? २०१६ मध्ये धोक्यातल्या जीवांच्या जागतिक 'लाल यादी'त बोर्निओची जातही 'अतिसंकटग्रस्त' ठरली. २०१७ मध्ये वेगळी म्हणून ओळखलेली सुमात्रातली तापानुली जात तर आठशेच्याही आत उरली आहे.

हे आपल्यापासून फार लांबचं नाही. पामतेलाचा जगातला सर्वांत मोठा आयातदार भारत आहे आणि त्या आयातीची झळ लातूरच्या सोयाबीन बाजाराला बसते. कच्च्या खाद्यतेलावर सप्टेंबर २०२४ मध्ये २० टक्के मूळ आयात शुल्क लागलं, मे २०२५ च्या अखेरीस ते १० टक्क्यांवर आलं. आपला शेतकरी हे आकडे भावासाठी पाहतो, आणि ते बरोबरच आहे. बोर्निओच्या रानाचा हिशेबही त्याच आकड्यांत आहे, हे मात्र आपल्याकडे कुणी बोलत नाही.

हॉर्नबिलची गोष्ट जुनी आणि जास्त क्रूर. इतर धनेशांच्या चोचीवरचं शिंग पोकळ असतं, याचं भरीव. शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीचं तेल पक्षी त्यावर घासतो, म्हणून ते वरून लाल आणि आत पिवळसर दिसतं. चीनमध्ये मिंग राजवटीच्या काळापासून त्यावर कोरीवकाम होत आलं. १९७५ पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार बंद आहे, ओरांगउटानाचाही. पण २०१० नंतर मागणी अचानक वाढली. २०१३ मध्ये बोर्निओतल्या एकट्या पश्चिम कालिमंतान प्रांतात सुमारे सहा हजार पक्षी मारले गेल्याचा अंदाज आहे. २०१५ मध्ये लाल यादीत त्याची नोंद दोन पायऱ्या ओलांडून थेट 'अतिसंकटग्रस्त' झाली. माझ्या मते ही जगाची ढिलाईच होती: ओरांगउटानासाठी हळहळणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर, त्याच रानात हे चाललं होतं.

विणीच्या काळात हॉर्नबिलची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते. पुढे काही महिने तिचा आणि एकुलत्या एका पिलाचा घास नराच्या चोचीतूनच येतो. नर मारला की आतल्या दोघांचीही उपासमार होते.

राखी धनेशाची मादीही अशीच कोंडून घेते. त्याच्या शिंगाला बाजार नाही, पण ढोली त्यालाही हवी. रस्ते रुंद करताना मराठवाड्यातली जुनी वडा-चिंचेची झाडं पडताहेत. त्यांच्या बदल्यात लावलेल्या रोपांना धनेश मावेल एवढी ढोली धरायला कित्येक दशकं लागतील.